दारातला ट्रक आणि बायकोची आंगवण

माझी बायको गेली ती एक आंगवण मागे ठेवून गेली. आंगवण म्हणजे नवस. देवीसमोर उभं राहून सांगायचं, माझं एवढं काम कर, मी तुला अमुक देईन. काम झालं की फेडायची. सरळ व्यवहार आहे. पण काय देणार म्हणून सांगितलं ते एकाच माणसाला माहीत, आणि नेमकं तेच माणूस गेलं, तर मागे राहिलेल्याने काय फेडायचं? मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीच्या पुस्तकात हे नव्हतं.

आंगवण होती मुलाच्या सरकारी नोकरीसाठी.

आमच्या डिचोलीच्या बाजूला खाण चालू होती तोवर सरकारी नोकरीला कोण विचारत नव्हता. मुलीचा बाप मास्तराच्या घरी चहा प्यायचा आणि मुलगी ट्रकवाल्याला द्यायचा. दिवसभर तांबडी माती वाहायची, संध्याकाळी खिसा भरलेला. धूळ एवढी की खिडक्या-जनेलं बंद करून जेवलं तरी भात तांबडा. त्या धुळीला आम्ही रोज शिव्या घालायचो. मग खाण बंद झाली. धूळ बसली, विहिरीचं पाणी नितळ झालं, आणि त्या नितळ पाण्यात सगळ्यांना आपली उतरलेली तोंडं दिसायला लागली.

तेव्हा सगळ्या गावाला एकदम सरकार आठवलं. काल पंचायतीच्या शिपायाला हसणारे आज त्याच्या निवृत्तीची वाट बघू लागले. त्याला साधा खोकला आला तरी चार घरांतून विचारपूस व्हायची.

माझा मुलगा खाणीवर काट्यावर होता, म्हणजे भरलेले ट्रक वजन करायचा. मी स्वतःचा ट्रक चालवायचो. एकाच दिवशी बाप-लेक दोघे घरी बसलो. मुलगा मिळेल त्याचा टेंपो चालवू लागला. माझा ट्रक दारात फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. दर दोन-तीन महिन्यांनी कोणतरी बातमी आणायचा की खाण सुरू होतेय. मी उठायचो, ट्रकची काच पुसायचो, आरशावरची कोळ्याची जाळी काढायचो. बातमी खोटी निघायची. काच मात्र स्वच्छ व्हायची.

संध्याकाळी मी ट्रकात जाऊन बसायचो. कुठे जायचं नाही, नुसतं सीटवर बसायचं आणि पुढे बघायचं. पुढे काय, तर गोठ्याची भिंत. बायको आतून ओरडायची, "जेवायला येतोस, का डिचोलीला चाललास?"

तिला तो ट्रक डोळ्यांसमोर नको होता. ऊन अडवतो म्हणायची. भात वाळत घालायचं तर अंगणात ट्रक, तुळशीला पाणी घालायला जायचं तर ट्रकाला वळसा. एकदा फणस टपावर पडला, मोठा आवाज झाला. मला वाटलं ट्रक गेला, तिला वाटलं फणस गेला. ती फणस बघायला धावली, मी ट्रक. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

आता आमदाराचं सांगतो. आमदाराच्या घरी सोमवारी लोकांना भेटायची वेळ असायची. आम्ही तिघे जायचो, मी, बायको आणि मुलगा. हातात घरच्या केळ्यांचा घड. बाहेर बाकावर सगळे तसेच बसलेले, सगळ्यांच्या मांडीवर घड. एवढी केळी त्या घरात कोण खात होतं ते देवाला ठाऊक.

आमचा नंबर आला. आमदार म्हणाला, "बोला काकी, ह्याला कसली नोकरी पाहिजे?"

बायको म्हणाली, "कसलीही द्या साहेब. फक्त सरकारी. झाडू मारायची असली तरी सरकारी झाडू पाहिजे."

आमदार हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि काका, तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "खाण कधी सुरू करता ते सांगा. ती सुरू केलीत तर नोकरी तुमची तुम्हालाच ठेवा."

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. चप्पल घातलेला. बाहेर आल्यावर म्हणाली, "पुढच्या सोमवारपासून तू केळी धरायची आणि तोंड बंद ठेवायचं." तेव्हापासून मी केळी धरली.

असे बरेच सोमवार गेले. मग एक दिवस ती मला गावातल्या देवीच्या देवळात घेऊन गेली. मी बाहेर पायरीवर बसलो. माझं आणि देवाचं वाकडं नाही, पण फार येणं-जाणंही नाही. ती आत गेली आणि बराच वेळ उभी राहिली. हात जोडलेले, ओठ हलताहेत. मच्छीवालीशी घासाघीस करताना हलायचे तसेच. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"आंगवण."

"ते कळलं. देणार काय तिला?"

"ते आमच्या दोघींतलं. तू चप्पल घाल."

त्याच पावसाळ्यात ती गेली. ताप म्हणून आधी डिचोलीला नेली, तिथून मोठ्या हॉस्पिटलात, आणि तिथून घरी आणली ती वेगळ्या गाडीतून. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहून माणूस परत येत नाही. घरातून निघताना गाडीत बसता बसता मला म्हणाली होती, "दुधाचं भांडं झाकून ठेव." मी झाकलं. अजून झाकतो.

त्या वर्षी आमच्याकडे गणपतीची चवथ झाली नाही, सुतक होतं. आणि दिवाळीच्या आधी मुलाची नोकरी आली. पाणीपुरवठ्याच्या खात्यात, गावच्या टाकीचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. सकाळी वरच्या वाड्याला पाणी, संध्याकाळी खालच्या वाड्याला. कंत्राटी, एका वर्षाची. वर्ष संपलं की पुढे ठेवायचं की नाही ते खातं ठरवणार.

कागद हातात घेऊन मुलगा आईच्या फोटोसमोर उभा राहिला. मला काय करावं कळेना. मी ट्रकात जाऊन बसलो. आतून कोणी ओरडलं नाही.

मुलगा व्हॉल्व्हवर लागला आणि गावात माझा भाव वाढला. पूर्वी मला पाहून वाट बदलणारे लोक आता थांबायला लागले. शेवग्याच्या शेंगा येऊ लागल्या, अळसांदे, म्हणजे आमची मोठी चवळी, येऊ लागले. खालच्या वाड्यातल्या एकाने तर मोठी चणाक मासळी आणून दिली आणि म्हणाला, "काका, पोराच्या कानावर घाला, आमच्याकडे थोडं आधी सोडू दे."

मी मासळी घेतली, आमटी करून खाल्ली आणि पोराच्या कानावर काहीच घातलं नाही. त्याला पाणी वेळेवरच आलं. त्याला वाटलं मासळीने आलं. मी कशाला सांगू?

मुलगा आईवर गेलेला. कोणाला थेंब आधी नाही, थेंब नंतर नाही. आमचंच घर पाइपाच्या शेवटच्या टोकाला. सगळं गाव आंघोळ करून मोकळं झालं की आमच्या नळाला पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. मी एकदा म्हटलं, "अरे, व्हॉल्व्ह तुझ्या हातात आणि बाप कोरडा?"

म्हणाला, "बाबा, नोकरी टिकवायची आहे."

टिकवायची होती हे खरं. कारण त्यात लग्न अडकलं होतं. माझी मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, तिकडे पेडण्याला दिलेली आहे. तिने तिथली एक चांगली मुलगी बघितली होती. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. आईचं वर्ष सरल्याशिवाय लग्न करायचं नव्हतंच. पण मुलीचा बाप म्हणाला, "नोकरी एकदा पुढे वाढू दे. मग नारळ ठेवूया." म्हणजे साखरपुडा. त्याची चूक नाही. एका वर्षाच्या नोकरीवर जन्माची मुलगी कोण देईल?

तर असं सगळं चाललेलं असताना, वर्षश्राद्ध झाल्यावर, शेजारची वयनी बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसली. ही वयनी म्हणजे माझ्या बायकोची जिवाची मैत्रीण. दोघी रोज भांडायच्या. चहा पिता पिता म्हणाली, "भावजी, तिची आंगवण फेडलीत ना?"

मी म्हटलं, "कुठली?"

तिने कप खाली ठेवला. "पोराच्या नोकरीची! म्हणजे फेडलीच नाही? काम झालं, वर्ष झालं, आणि देवी अजून वाट बघत बसलीय? देवा रे! दिलेलं परत नेलं तर?"

"मला ठाऊक नाही तिने काय सांगितलं ते."

"मग शोधा."

मेव्हणीला विचारता आलं असतं. दोघी बहिणींत लपवाछपवी नव्हती. पण मेव्हणीच्या तोंडाला व्हॉल्व्ह नाही. तिला विचारलं की संध्याकाळपर्यंत मुलीच्या बापाला कळणार की ह्या घरावर न फेडलेली आंगवण आहे, नोकरी आज आहे उद्या नाही. म्हणजे सोयरीक मोडली. जिला माहीत असणार तिलाच विचारायची सोय नव्हती.

राहिली देवी. तिलाच विचारायचं ठरवलं.

आमच्याकडे देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ह्यात एकच अडचण आहे. देवी होय म्हणते किंवा नाही म्हणते. आपणहून काही सांगत नाही. म्हणजे बायकोने काय कबूल केलं ते मलाच ओळखायचं आणि देवीने फक्त मान हलवायची.

देवळात आधीच लोक बसले होते. एका बाईला मुलाच्या पोलीस भरतीचं विचारायचं होतं. एकाला वीजखात्यात घालू की आरोग्यात, ते. गुरव मला हळूच म्हणाला, "हल्ली सगळं हेच. पूर्वी गाय हरवायची, मूल होत नसायचं, भावाभावांत बांधावरून असायचं. बरं वाटायचं. आता नुसतं खातं आणि जागा, खातं आणि जागा. देवीला पण ऑफिसात बसल्यासारखं होत असेल."

माझी पाळी आली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "माये, ह्या तुझ्या लेकराच्या घरकान्नीन तुझ्यापुढे आंगवण सांगली. तुझी ओटी भरपाची उरली आसा, तर उजवो दी!"

मागच्या लोकांनी "व्हय महाराजा" म्हटलं.

डावी पडली.

"नारळाचं तोरण बांधपाचें उरलां?" डावी. "अभिषेक?" डावी. "दहीकालो?" म्हणजे देवळासमोर रात्रभर दशावतारी खेळ, सगळ्या गावाला आमंत्रण. मी श्वास धरून उभा. पाकळी हलली, थांबली, डावी पडली. मी सुटलो.

गुरव वैतागला. "तुझी बायको होती ना? तिच्या मनात काय होतं ते तुला माहीत नाही?"

मी म्हटलं, "तुझ्या बायकोच्या मनात आता काय आहे ते सांग."

गुरवाने पाकळ्या गोळा केल्या. मग म्हणाला, "उद्या ये."

घरी आलो तर वयनी वाट बघत होती. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "ओटी काय, दहीकाला काय! तुम्ही तिला ओळखलंतच नाही, भावजी. ती पोदेराकडून एक पाव फुकट मिळेपर्यंत त्याची सायकल सोडायची नाही. मच्छीवाली तिला लांबून बघून टोपली झाकायची. ती स्वतःच्या पदरचं देवीला द्यायला बसणार?"

"मग?"

"दुसऱ्याचं काहीतरी कबूल केलं असेल." आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "तुमचं."

माझं म्हणजे काय? संध्याकाळची माझी थोडी फेणी होती. त्या संध्याकाळी मी बाटलीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर देवळात गेलो.

"माये, ह्या लेकरान सोरो सोडपाचो उरला?" सोरो म्हणजे दारू. गुरवाने हे जरा मोठ्यानेच विचारलं असं मला वाटलं.

डावी पडली. मी देवीला मनापासून साष्टांग नमस्कार घातला. गुरव म्हणाला, एवढा नमस्कार तू आजपर्यंत घातला नव्हतास.

तंबाखू? डावी. मिशी? मिशी तर तिच्या दिवसकार्यात एकदा उतरली होती, आता परत पूर्वीसारखी झाली होती. तीही डावी. मी खूश. गुरवाने हात पुसले आणि म्हणाला, "आणखी काय आहे तुझ्याकडे?"

"काही नाही."

गुरव देवळाच्या दारातून बाहेर बघू लागला. देवळाच्या पायरीवरून आमचं घर दिसतं. घर म्हणजे काय, आधी ट्रक दिसतो, मग त्याच्या मागे घर. दसऱ्याचा झेंडूचा हार अजून त्याच्या नाकावर होता.

"दारातलं?" गुरव म्हणाला.

"पाकळ्या सुकल्या असतील," मी म्हटलं आणि चप्पल घालून निघालो.

खोटं कशाला बोलू, ते मला पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं. म्हणून तर बाकी सगळं विचारत होतो. माणूस हरवलेली वस्तू शोधताना जिथे ती असणार तिथे शेवटी बघतो, तसं. लोक म्हणतात लोखंड आहे. लोखंडच आहे. पण खाण सुरू झाली आणि माझ्या दारात ट्रक नसला, तर मी कोण? पाणी सोडणाऱ्याचा बाप.

त्याच आठवड्यात वरच्या वाड्यातल्या पंचाचं आणि मुलाचं वाजलं. पंच म्हणजे पंचायतीवर निवडून गेलेला माणूस. त्याच्या घरी काहीतरी कार्य होतं, त्याला दुपारी पाणी पाहिजे होतं. मुलगा म्हणाला, दुपारी कोणालाच नसतं, टँकर मागवा. पंच म्हणाला, "कंत्राट संपत आलंय ना तुझं? माझा भाचा रिकामाच आहे. व्हॉल्व्ह फिरवायला काय कॉलेज लागतं?"

मुलगा घरी आला आणि भात चिवडत बसला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नाव वर गेलंय की नाही कळत नाही, बाबा. पेडण्याहून फोन आला होता. मी उचलला नाही."

भात तसाच ठेवून उठला. हात धुवायला नळ उघडला. पाणी करंगळीएवढं.

मी सकाळी उजाडता उजाडता देवळात गेलो. दुसरं कोणी नव्हतं. गुरवाने मला बघितलं आणि पाकळ्या लावल्या. "माये, ह्या लेकराच्या दारातलो ट्रक—"

तेवढ्यात उजवी पडली. त्याचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं.

मी म्हटलं, "परत लाव. वारा आला."

"कुठला वारा?"

"प्रश्न पुरा झाला नव्हता."

"देवीला एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत," गुरव म्हणाला. "हे काय खातं आहे? अर्ज परत करायला? ट्रक दारातून घालव, म्हणजे फिटली."

मी बोलावलेला भंगारवाला बेळगावकडचा. त्याने ट्रकाभोवती एक फेरी मारली आणि टायरला लाथ घातली. मला ती पोटात लागली. "काय ओ मालक, ह्यात उरलंय तरी काय? इंजनात चिमण्या हायत."

"चिमण्या नाहीत. केबिनमध्ये शेजारणीची कोंबडी बसते. तिला सांभाळून उतरव."

त्याने सांगितलेल्या भावावर मी वाद घातला नाही. माझी बायको असती तर तो बेळगावला रडत गेला असता. मी एकच अट घातली, सीट देणार नाही. ड्रायव्हरची सीट काढून बल्कांवावर ठेवायची. तो म्हणाला, "सीटला घेणार कोण बी नाही ओ, ठेवा." तिथेही माझी फसवणूक झालीच, कारण मला वाटत होतं मी काहीतरी मोठं वाचवलं.

गॅसने तोडू लागले तेव्हा मी घराच्या मागे गेलो आणि माडाखाली पडलेल्या झावळ्या गोळा केल्या. सगळ्या गोळा झाल्यावर परत पसरल्या आणि परत गोळा केल्या. वयनीने चहा आणून दिला. वयनी काही बोलत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

दुपारी मुलगा आला. रिकाम्या जागेसमोर सायकल धरून उभा राहिला. "बाबा, ट्रक?"

"दिला."

"कशाला?"

"तुझ्या नोकरीसाठी."

"मी सांगितलं होतं?"

"तुझ्या आईने सांगितलं."

त्याने सायकल भिंतीला लावली. मग अंगणातून सरळ चालत तुळशीपर्यंत गेला, वळसा न घेता, आणि परत आला. एवढंच केलं.

नोकरी वाढली. एक वर्ष. आता ती ट्रकाने वाढली की कशाने, ते मी छातीठोक सांगणार नाही. कारण त्याच सुमाराला पंचाच्या भाच्याला दुसऱ्या खात्यात चिकटवलं आणि पंचाला व्हॉल्व्हची आठवण राहिली नाही. वयनी म्हणते ते पण देवीनेच केलं. असेल. भाच्याच्या आईनेही कुठेतरी आंगवण सांगितली असेल. आमच्या भागात हल्ली सगळ्याच देवी कामात आहेत.

दिवाळीनंतर नारळ ठेवायला पेडण्याची मंडळी आली. सगळ्यात पुढे मेव्हणी. गाडीतून उतरली आणि तिथेच थांबली.

"भावजी, ट्रक खंय गेलो?"

आता नोकरी वाढली होती, भ्यायचं काही कारण नव्हतं. मी सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. तिची आंगवण, कौल, उजवी पाकळी, भंगारवाला.

मेव्हणीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. हसत होती. "आंगवण? ती तर ताईने कधीच फेडली! सांगितली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. गुरव तेवढा बाहेरगावी गेला होता, मीच होते की बरोबर. ओटी आणि नारळाचं तोरण, बस."

"काम व्हायच्या आधी?"

"मी पण तेच म्हटलं, अगो आधी काम होऊ दे. तर म्हणते कशी, आता नारळ स्वस्त आहेत, चवथीला महागतील. आणि आगाऊ घेतलं की देवीला मागे फिरता येणार नाही. गवंड्याला आगाऊ देतो तसं."

मी म्हटलं, "गवंडी आगाऊ घेऊन पळतो."

"देवी कुठे पळणार?" मेव्हणी म्हणाली.

सगळे हसले. मुलीचा बापही हसला आणि हसता हसता विचारून घेतलं, "आणि कायम कधी होणार?"

त्या रात्री नाही, नंतर कधीतरी दुपारी, मी हिशेब लावून बघितला. ओटी उरली आहे का, डावी. बरोबर. तोरण उरलं आहे का, डावी. बरोबर, दोन्ही आधीच फेडलेली. मग ट्रकाला उजवी का? ट्रकाबद्दल तर बायकोने काही कबूल केलंच नव्हतं. वयनीला विचारलं तर म्हणाली, "आंगवणीत नसेल. पण त्या दिवशी ती एवढा वेळ आत उभी होती, ती काय फक्त नोकरीचंच बोलत होती? दोन बायका बोलत बसल्या की घोवाचा विषय निघतोच."

हे मला पटलं. एवढी वर्षं जे तिला माझ्याकडून करून घेता आलं नाही, ते तिने वरून करून घेतलं. तेही फुकट. नारळाच्या त्याच तोरणात.

आता अंगणात भात वाळत घातलं आहे. ऊन पार पायरीपर्यंत येतं. मधे भिंतीजवळ एक काळा डाग आहे, ऑइलचा, तिथे मी चटई घालत नाही. ट्रकाची सीट बल्कांवावर आहे. मी त्यावर बसून कावळे हाकतो. समोर गोठ्याची भिंत तीच. परवा मुलगा आतून ओरडला, "बाबा, जेवायला येता, का डिचोलीला चाललात?" मी लगेच उठलो नाही. तो परत ओरडेल म्हणून थोडा वेळ बसलो.

खाण सुरू होणार म्हणून परत बातमी आहे. मी काही पुसलं नाही.

मुलीच्या बापाचं मात्र 'कायम' सुटत नाही, आणि वयनीचा डोळा आता सीटवर आहे. म्हणते, "ती पण घालवा भावजी, उंदीर होतील. पोर कायम होईल बघा." म्हणून मी काल स्वतः देवळात गेलो. आत जाऊन, हात जोडून, मोठ्याने, गुरवाला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि पुढे कोणाला ओळखत बसायला नको म्हणून इथेही सांगून ठेवतो. मुलगा ज्या दिवशी कायम होईल त्या दिवशी सीट देईन. त्याच्या आधी नाही. आगाऊ द्यायला मी काही माझी बायको नव्हे.